एका स्टारच्या अभिप्रायास उत्तर : त्या १९ दिवसांचा हिशेब

आदरणीय शेठ,

आपल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजसाठी आम्ही केलेल्या सॉफ्टवेअरच्या कामाला एक स्टार देऊन आपण लिहिलेला अभिप्राय परवा रात्री वाचला. आपले म्हणणे असे आहे की, आम्ही १९ दिवस नुसते प्रश्न विचारले, कागदावर चौकोन काढले आणि त्याचे ३५ हजार रुपये घेतले. सॉफ्टवेअर ऐन हंगामात उशिरा दिले. बदल सांगितला की वेगळे पैसे मागितले. भाड्याची बिले चुकीची निघाली. आणि याहून आपले जुने एक्सेल बरे होते. बेदाण्याची आवक जोरात असताना आपल्या गेटवर गाड्यांची रांग लागली आणि आपल्या माणसांना एकदा वहीत व पुन्हा संगणकावर असे दुहेरी लिहावे लागले, याबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. १५ फेब्रुवारीला द्यायचे काम आम्ही ११ मार्चला दिले, हे खरे आहे. बिले चुकली, हेही खरे आहे आणि त्याविषयी पुढे लिहिले आहे.

परंतु १९ दिवसांचे ते वाक्य मनाला लागले. आपले नाव मी येथे घेत नाही, पण तासगाव आणि सांगलीच्या बेदाणा बाजारात हा अभिप्राय कोणाचा आहे हे ओळखायला कोणालाही वेळ लागणार नाही, आणि आमची फर्म कोणती हे तर वरच लिहिलेले आहे. त्यामुळे त्या दिवसांचा हिशेब मांडणे मला भाग आहे.

४ डिसेंबर ते २२ डिसेंबर असे ते १९ दिवस होते. त्यांत ३ रविवार आले. २ दिवस आपल्या पुतणीच्या लग्नाचे होते. त्या लग्नाला आम्हीही आलो होतो आणि पंगतीत आपण स्वतः आग्रह करून वाढले होते, त्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. मागील वर्षीच्या भाडेबिलांची फाईल आम्ही पहिल्याच दिवशी मागितली होती, ती मिळण्यात ४ दिवस गेले. उरले १० दिवस. त्यांपैकी ६ दिवस माझे दोन सहकारी सकाळी १० ते सायंकाळी ६ आपल्या ऑफिसात, गेटवर आणि चेंबरच्या, म्हणजे माल ठेवण्याच्या थंड खोलीच्या, दारात उभे होते आणि ४ दिवस आम्ही येथे बसून आराखडा तयार केला. कामाचे दिवस १० होते, १९ नव्हेत.

आता त्या ६ दिवसांत नुसते प्रश्नच विचारले का, तर होय, प्रश्नच विचारले, कारण डेटाबेसचे, म्हणजे धंद्याची माहिती संगणकात नीट मांडून ठेवण्याचे, काम तिथूनच सुरू होते. एक उदाहरण देतो. आपल्या लाल कापडी आवक वहीत काही लॉटच्या (एका शेतकऱ्याच्या एकत्र नोंदलेल्या मालाच्या) नंबरांभोवती पेन्सिलने गोल केलेला होता. माझ्या सहकारी मुलीने पहिल्या दिवशी दिवाणजींना त्याचा अर्थ विचारला, तेव्हा ते म्हणाले, "ते असंच असतं, त्याचं काही नाही." दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारले, तेव्हा ते थोडे रागावले. तिसऱ्या दिवशी एक शेतकरी आपले बॉक्स न्यायला आला आणि हमाल माल काढायला निघाले, तेव्हा दिवाणजींनी वही उघडून तो गोल पाहिला आणि गाडी थांबवली. गोल म्हणजे त्या मालावर बँकेचे तारण कर्ज आहे आणि बँकेचे पत्र आल्याशिवाय तो बाहेर सोडायचा नाही. लाखो रुपयांची जबाबदारी असलेला हा नियम आपल्याकडे कोठेही लिहिलेला नव्हता. तो एका पेन्सिलीत आणि एका माणसाच्या डोक्यात होता. आज तारणातील लॉटचा गेटपास आपल्या संगणकावर निघतच नाही, तो त्या तिसऱ्या दिवसामुळे. दिवाणजींबद्दल मला आदरच आहे. ३० वर्षे सवयीने केलेले काम विचारल्यावर सांगता येत नाही, म्हणूनच शेजारी उभे राहून ते पाहावे लागते.

चौकोनांविषयीही थोडे सांगतो. ते आमचे डोके नव्हे. माहिती एकमेकींशी जोडलेल्या तक्त्यांमध्ये ठेवण्याची पद्धत एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली मांडली आणि धंद्यातील वस्तू चौकोनांत लिहून त्यांचे नाते रेषांनी दाखवण्याची आकृती पीटर चेन यांनी १९७६ साली दिली. शेतकरी, लॉट, चेंबर, सौदा, व्यापारी, बिल हे आपल्या आकृतीतले मुख्य चौकोन होते. एका शेतकऱ्याचे लॉट अनेक, पण एका लॉटचा शेतकरी एकच. एका लॉटचे सौदे अनेक. या रेषा कागदावर पुसायला खोडरबर पुरतो. तीच रेषा सॉफ्टवेअर चालू झाल्यावर आणि आत हजारो पावत्या भरल्यावर बदलायची म्हटले, तर आधी भरलेला सगळा माल चेंबरमधून काढून पुन्हा रचण्यासारखे ते काम होते.

एक्सेल बरे होते, असे आपण म्हणता. त्या एक्सेलमध्ये एका लॉटला एक ओळ होती आणि तिच्यात 'खरेदीदार १', 'खरेदीदार २', 'खरेदीदार ३' असे रकाने होते. २४० बॉक्सचा लॉट असेल, त्यातले १०० एकाने, ९० दुसऱ्याने घेतले आणि ५० शिल्लक राहिले, तोवर ते चालत होते. चौथा खरेदीदार आला की त्याचे नाव शेरा लिहिण्याच्या रकान्यात जात होते आणि वर्षाअखेरीस त्याचे भाडे कोणालाच सापडत नव्हते. ही गोष्ट आपणच मला पहिल्या भेटीत चहा पिताना सांगितली होती आणि त्यासाठीच आपण आमच्याकडे आला होता. त्याच फाईलमध्ये एकाच शेतकऱ्याचे नाव तीन प्रकारे लिहिलेले आढळले. आपण सुचवले होते की, मोबाईल नंबर हाच शेतकऱ्याचा नंबर धरावा. तो आम्ही धरला नाही, याचाही आपल्याला राग आहे. पण दोन भावांचा बेदाणा वेगळा आणि घरात फोन एकच, अशी उदाहरणे आपल्याच यादीत होती. शिवाय फोन बदलला म्हणजे शेतकरी बदलत नाही. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र खाते क्रमांक दिला. सुरुवातीला तो त्रासाचा वाटतो, हे मान्य आहे.

यानंतर बदलाच्या पैशांचा मुद्दा. २२ डिसेंबरला १४ पानांचा आराखडा आम्ही आपल्यासमोर ठेवला. मी तो वाचून दाखवतो म्हणालो, तेव्हा आपण "तुम्ही कराल ते बरोबरच असेल" असे म्हणून प्रत्येक पानावर सही केली. त्या विश्वासाबद्दल मी तेव्हाही आभार मानले होते. ९ जानेवारीला निम्मे काम तयार असताना आपला फोन आला की, एक सांगायचे राहिले : सौदा झाला तरी पुष्कळदा माल आपल्याच चेंबरमध्ये राहतो, फक्त तो शेतकऱ्याच्या नावावरून व्यापाऱ्याच्या नावावर जातो आणि पुढचे भाडे व्यापाऱ्याला लागते. म्हणजे बॉक्स तसूभरही हलत नाहीत, पण मालक बदलतो. आमच्या आराखड्यात मालकी लॉटला चिकटलेली होती. ती सोडवून, कोणते बॉक्स कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणाचे होते याचा वेगळा तक्ता करावा लागला. त्यासाठी ५ तक्ते, २ छापील पावत्या आणि भाड्याचा सगळा हिशेब पुन्हा लिहावा लागला. त्याला २१ दिवस लागले आणि त्याचे २२ हजार रुपये आम्ही आधी सांगून, आपला होकार घेऊन लावले. एकूण उशीर २४ दिवसांचा झाला. त्यांतले ३ दिवस निखालस आमचे आहेत.

या ठिकाणी मी एक गोष्ट कबूल करतो, जी फोनवर वाद घालताना मी कबूल केली नव्हती. माल आत कधी येतो आणि बाहेर कधी जातो, हे आम्ही आपल्याला दहा प्रकारे विचारले. माल जागेवरच असताना त्याचे काय काय बदलते, हे एकदाही विचारले नाही. ते आपण सांगायला हवे होते, असे मी म्हणत आलो. आपल्या दृष्टीने मात्र ती गोष्ट इतकी रोजची होती की ती सांगण्यासारखी आहे, हेच आपल्या ध्यानात आले नसेल. पेन्सिलच्या गोलाला आम्ही तीन दिवस दिले आणि याला एक प्रश्नही दिला नाही. तरीही त्या बदलाचे निम्मे काम आम्ही पदरमोड करून केले आहे, हे आपल्या अभिप्रायात आले असते तर बरे वाटले असते.

भाड्याची ३१ बिले चुकली, ती चूक पूर्णपणे आमची. ज्या महिन्यात सौदा झाला, त्या महिन्याचे भाडे शेतकरी आणि व्यापारी या दोघांच्याही बिलात लागले. सौद्याच्या महिन्याचे भाडे शेतकऱ्याकडे आणि व्यापाऱ्याचे पुढील १ तारखेपासून, हा आपल्याकडचा शिरस्ता आम्ही लिहून घ्यायला हवा होता. आम्ही 'भाडे मासिक' एवढेच लिहिले. एका व्यापाऱ्याने भर सौद्यात आपल्याला त्यावरून ऐकवले, असे कळले. त्याचे मला खरोखर वाईट वाटते. रात्री साडेदहाला आपण तीन वेळा फोन केला आणि आमच्याकडून कोणी उचलला नाही, त्याबद्दलही क्षमा असावी. हंगामात रात्री फोन घेण्याची काही तरी व्यवस्था आम्ही करत आहोत.

आमची फर्म चार माणसांची आहे. हा अभिप्राय आल्यापासून, ज्यांच्याशी बोलणी जवळजवळ पक्की झाली होती असे दोन कोल्ड स्टोअरेजवाले फोन उचलत नाहीत. आपण अभिप्राय काढून टाकावा असे मी म्हणणार नाही, तो आपला अधिकार आहे. फक्त '१९ दिवस नुसते प्रश्न' या शब्दांचा आपण फेरविचार करावा, एवढी विनंती आहे. पुढील कामांत आराखडा वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही, असे आम्ही ठरवले आहे, आणि आणखीही काही सुधारणा विचाराधीन आहेत.

दुरुस्त केलेली ३१ बिले छापून तयार आहेत. ती सोमवारी सकाळी माझा सहकारी दिवाणजींच्या हातात देईल. ज्या व्यापाऱ्यांना चुकीची बिले गेली, त्यांना आमच्या लेटरहेडवर चूक आमची असल्याचे पत्रही सोबत आहे. आपल्याकडील शिल्लक रकमेचा उल्लेख मी या उत्तरात मुद्दामच करत नाही.

आपला नम्र,
फर्मचा मालक, सांगली