‘एआर काढा, प्रत्यय जोडा, झालं स्पॅनिश’ हे इतकं सोपं नाहीये

स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी ग्रुपांमध्ये एक पोस्ट सारखी फॉरवर्ड होतेय, बऱ्याच जणांनी बघितली असेल. त्यात म्हटलंय की रेग्युलर क्रियापद तासाभरात येतं, शेवटचं एआर काढा आणि प्रत्यय जोडा, सगळे काळ असेच होतात, भूतकाळ एकच शिकला तरी चालतं, भविष्यकाळाची गरजच नाही, अक्षरांवरच्या तिरक्या रेघा सोडून द्या कारण तिकडचे लोक स्वतःच चॅटमध्ये टाकत नाहीत, ‘बुस्के’सारखी रूपं अनियमित आहेत ती पाठ करा, आणि सबजंक्टिव्हकडे (‘बोलावंस’, ‘बोलू नकोस’ अशासाठी लागणारी रूपं) बी-टू लेव्हलपर्यंत, म्हणजे बऱ्यापैकी पुढच्या पातळीपर्यंत, बघूही नका. मी स्पॅनिश शिकवते, आणि हे वाचून आलेली मुलं जिथे गरज नाही तिथे घोकत बसतात आणि जिथे लक्ष द्यायला हवं तिथून पुढे निघून जातात, म्हणून एकेक मुद्दा घेते. उदाहरणाला आब्लार घेऊ, म्हणजे बोलणे. सुरुवातीला एच आहे पण तो मुका, आणि शेवटचं एआर म्हणजे उच्चारातलं ‘आर’. आणि देवनागरीत जोर दाखवायला, जिथे गरज वाटली तिथे, मी ऽ वापरतेय.

वर्तमानकाळापुरती पोस्ट बरोबर आहे, ते मान्यच. आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान (मी, तू, तो-ती, आम्ही, तुम्ही सगळे, ते या क्रमाने, पुढेही हाच क्रम). ईआरवालं कोमेर (खाणे) आणि आयआरवालं बिबिर (राहणे, जगणे) यांचे प्रत्यय वर्तमानात फक्त दोन ठिकाणी वेगळे होतात, कोमेमोस-बिबिमोस आणि कोमेइस-बिबिस, बाकी सारखेच. शिवाय ते पाचवं ‘तुम्ही सगळे’वालं रूप स्पेनमध्येच चालतं, लॅटिन अमेरिकेत त्याच्या जागी उस्तेदेस (अनेकांना ‘तुम्ही’) आणि ‘ते’वालं रूप. एक गोष्ट मात्र पोस्टमध्ये हवी होती. आपण एकाच मोठ्या माणसाला ‘तुम्ही बोलता’ म्हणतो, अनेकवचनात, आणि त्या सवयीने मुलं एकट्या बॉसला उस्तेदेस आब्लान म्हणून मोकळी होतात. तिथे उस्तेद आब्ला पाहिजे, ‘तो बोलतो’चंच रूप, एकवचनी.

आता ‘सगळे काळ असेच होतात’. नाही होत! भविष्यकाळात एआर काढायचंच नसतं, आख्ख्या आब्लारला प्रत्यय लागतो: आब्लारेऽ, आब्लाराऽस, आब्लाराऽ, आब्लारेऽमोस, आब्लारेऽइस, आब्लाराऽन. हे असं का, तर लॅटिनमध्ये मूळ क्रियापदापुढे ‘असणे, बाळगणे’ अर्थाचं हाबेरे जोडून बोलायला लागले आणि ते पुढे घासून प्रत्यय झालं, म्हणून मागचं क्रियापद पूर्ण राहिलं. म्हणूनच आर, एर, इर तिघांनाही एकच प्रत्यय लागतात. ‘बोलली असती, बोलेन म्हटलं होतं’ वगैरेसाठी जो कंडिशनल लागतो तोही असाच, आब्लारिआ. पोस्टमधला नियम वापरून बघा, एआर काढून भविष्याचा एऽ जोडा, हातात येतं आब्लेऽ, आणि आब्लेऽ म्हणजे ‘मी बोलले’. म्हणजे समोरच्याला सांगायला गेलात ‘मी उद्या बोलेन’ आणि त्याला ऐकू आलं की बोलून झालंय.

‘भविष्यकाळाची गरजच नाही, बोय आ आब्लार म्हणा’ या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे. रोजच्या बोलण्यात तेच जास्त ऐकू येतं, आपल्या ‘बोलणार आहे’सारखं. पण फोन लागत नाहीये, कोणीतरी म्हणतं ‘आईशी बोलत असेल’, इथे स्पॅनिश माणूस सरळ भविष्यकाळ वापरतो, एस्ताराऽ आब्लान्दो. ‘घरी असेल’ला एस्ताराऽ एन कासा. हा अंदाज आत्ताचा आहे, उद्याचा नाही, आणि मराठीत तो आपण दिवसभर करत असतो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागतं, आपल्याला ‘असेल’ म्हटलं की कळतं. त्यामुळे हा काळ सोडायला सांगणं म्हणजे आपल्याला आयती आलेली गोष्ट टाकून देणं आहे.

भूतकाळाचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, इथे पोस्टने खरंच नुकसान केलंय. ती म्हणते आब्लेऽ, आब्लास्ते, आब्लोऽ, आब्लामोस, आब्लास्तेइस, आब्लारोन एवढं पाठ केलं की भूतकाळ संपला. पण दुसरा भूतकाळ आहे, आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाऽबामोस, आब्लाबाइस, आब्लाबान, आणि दोन्ही ए-टू लेव्हललाच, म्हणजे सुरुवातीच्या पातळीतच लागतात, देले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेला बसणाऱ्यांना हे माहीत असेल. फरक कसा ओळखायचा? इंग्रजी पुस्तकात पानंच्या पानं लिहिलेली असतात, पण मराठी माणसाने आधी आपलं वाक्य मराठीत म्हणून बघावं. ‘काल आजीशी बोलले’ म्हणजे आब्लेऽ. ‘लहानपणी आजीशी रोज बोलायचे’ म्हणजे आब्लाबा. ‘मी बोलत होते तेवढ्यात फोन वाजला’ यात बोलत होते ते आब्लाबा आणि वाजला तो सोनोऽ. ‘बोलायचे’ आणि ‘बोलत होते’ दोन्ही एकाच खान्यात जातात, ‘बोलले’ दुसऱ्या खान्यात. बहुतेक वाक्यं यातच बसतात.

एक जागा मात्र अशी आहे की मराठीच फसवते. ‘काल आम्ही दोन तास बोलत होतो’. आपण ‘बोलत होतो’ म्हणतो म्हणून मुलं आब्लाऽबामोस लिहितात, पण दोन तास असं माप दिलं की ती गोष्ट सुरू होऊन संपलेली धरतात, म्हणून आब्लामोस दोस ओरास. किती वेळ ते सांगितलंय का, एवढं विचारायची सवय लावा. (आब्लामोस वर्तमानातही हेच आणि या भूतकाळातही हेच, ‘काल’ म्हणजे आयेर वगैरे शब्दावरून कळतं. कोमेरमध्ये ही अडचण नाही, तिथे कोमेमोस आणि कोमिमोस वेगळे.) तिसरा प्रकार ‘बोललेय’वाला, ए आब्लादो. ‘आज बॉसशी बोललेय’ला माद्रिदमध्ये हे म्हणतील, मेक्सिकोत आब्लेऽ म्हणतील. तुमचा क्लायंट कुठला आहे त्यावरून ठरवा.

‘तिरक्या रेघा सोडून द्या.’ चॅटमध्ये लोक सोडतात हे खरंय, पण ते लिहिताना सोडतात, बोलताना कोणीच सोडत नाही! आऽब्लो म्हणजे ‘मी बोलते’, आब्लोऽ म्हणजे ‘तो बोलला’. आऽब्ले म्हणजे आदराने ‘बोला’, आब्लेऽ म्हणजे ‘मी बोलले’. आब्लाऽरा म्हणजे ‘बोलला असता तर’मधलं रूप, आब्लाराऽ म्हणजे ‘बोलेल’. अक्षरं तीच, फक्त जोर सरकला आणि माणूसही बदलला, काळही बदलला. मराठीत जोर कुठे दिला यावर अर्थ असा बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला हे ऐकायची सवयच नसते, मग आपल्याला तर या रेघेची गरज जास्त. नियमही छोटा आहे: शब्द स्वराने, एन किंवा एसने संपला तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, नाहीतर शेवटच्यावर, आणि याला सोडून कुठे असेल तर तिथे रेघ. हे पहिल्या आठवड्यात शिका आणि रूपं पाठ करताना मोठ्याने म्हणा, नुसती डोळ्यांनी नको.

आता बुस्केऽ. बुस्कार म्हणजे शोधणे, ‘मी शोधलं’ला सी जाऊन क्यू-यू येतं, म्हणून पोस्टने त्याला अनियमित ठरवलं आणि अशी मोठी यादी पाठ करायला दिली. ते देवनागरीत लिहून बघा ना: बुस्कार, बुस्केऽ. क होता, क राहिला. पागार, पागेऽ. ग होता, ग राहिला. क्रुसार, क्रुसेऽ, स तसाच (स्पेनच्या बऱ्याच भागात थ म्हणतात, तोही तसाच). क्रियापद काहीच बदललेलं नाही, स्पॅनिशमध्ये ए आणि इच्या आधी सी आणि जीचा उच्चार बदलतो (आणि झेड तिथे सहसा लिहीत नाहीत, म्हणून क्रुसेऽमध्ये सी) म्हणून जुना आवाज टिकवायला स्पेलिंग बदलावं लागलं. ती यादी पाठ करायची गरज नाही, आवाज धरून ठेवा, स्पेलिंग आपोआप येतं.

राहिलं सबजंक्टिव्ह. त्याचा पूर्ण पसारा बी-टूला येतो हे ठीक, पण रूपं आधीच लागतात, कारण ‘बोलू नकोस’ म्हणायचं तर नो आब्लेस, ‘खाऊ नकोस’ नो कोमास, ‘बोला ना’ आऽब्ले पोर फाबोर. रूपं बनवायलाही सोपी, आरवाल्यात आच्या जागी ए, एर-इरवाल्यात उलट आ. आणि ‘तू बोलावंस अशी माझी इच्छा आहे’मधलं ‘बोलावंस’ आपल्याकडे आहेच की, किएरो के आब्लेस मराठी मुलांना पटकन जमतं. अडतात ती ‘जेव्हा तू बोलशील तेव्हा’वर, मराठीत भविष्यकाळ आहे म्हणून क्वान्दो आब्लाराऽस लिहितात. उद्याची गोष्ट असेल तर क्वान्दोच्या पुढे आब्लेस हवं, आणि हे वाक्य तर ‘पोहोचलास की फोन कर’, ‘तिच्याशी बोललास की सांग’ असं आपण रोज म्हणतो, त्याला बी-टूपर्यंत थांबून कसं चालेल?