दाजी, ते पंचेचाळीस हजार भरू नका

तासगावच्या आमच्या दाजींनी बेदाण्याच्या पट्टीतले ४५ हजार बाजूला काढून ठेवलेत. पोरगी नुकतीच एमएसडब्ल्यू झाली, तिला 'परदेशात समाजसेवेला' धाडायचंय. हे खूळ आलं एका फॉरवर्डमधून. भावकीच्या ग्रुपवर फिरत फिरत तो माझ्याकडेही तीनदा आला. मजकूर थोडक्यात असा: युनो मान्यताप्राप्त संधी, कंबोडियात तीन आठवडे अनाथ मुलांना शिकवा, पात्रतेची अट नाही, टुरिस्ट व्हिसा पुरतो, मग आफ्रिकेत सिंहाचे छावे सांभाळा, सर्टिफिकेटवर युरोपात नोकरी. नोंदणी फी ४५ हजार. शेवटी हात जोडलेले.

'युनो मान्यताप्राप्त' आधी उरकतो. युनोची स्वयंसेवक योजना खरी आहे. युएनव्ही म्हणतात तिला, मुख्यालय जर्मनीत बॉनला. तिथं नाव नोंदवायला एक रुपया पडत नाही; परदेशी नेमणूक झालीच तर राहण्याखाण्याचा भत्ता तेच देतात. फी मागणारा युनोचा नाही.

अनाथालयावर मात्र माझं डोकं फिरलं. युनिसेफच्या मदतीनं कंबोडियात झालेली २०११ ची पाहणी सांगते, की तिथल्या अनाथालयांतल्या दर चार मुलांमागं जवळपास तिघांची आई किंवा वडील जिवंत होते. मग अनाथ कोण? तरीही २००५ ते २०१० या काळात अशी घरं ७५ टक्क्यांनी वाढली, कारण पैसे देणारे पाहुणे वाढले. 'शाळेत घालतो' म्हणून गरिबाचं पोर आणायचं आणि पाहुण्यांपुढं उभं करायचं. ते घरी परत गेलं तर पाहुणा कशाला येईल? डिसेंबर २०१९ मध्ये युनोच्या आमसभेनं बालहक्कांच्या ठरावात हेच मांडलं: अनाथालयातल्या स्वयंसेवेतून मुलांची तस्करी आणि शोषण होऊ शकतं, ते देशांनी रोखावं. म्हणजे शिक्का ज्यांचा छापलाय, त्यांनीच हा धोका लिहून ठेवलाय!

दाजी, उलटं करून बघा. उद्या कुणी परदेशी पोरगा सांगलीच्या बालगृहात आला. मराठीचा गंध नाही, शिक्षक नाही, कुणी चौकशी केलेली नाही. तीन आठवडे पोरं कडेवर घेतली, फोटो काढले आणि गेला. चालेल? आपल्याकडं बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे अशा मुलाची ओळख पटेल असा फोटो छापणं हा गुन्हा आहे. आणि हा फॉरवर्ड सुरूच होतो चार मुलांच्या फोटोनं. तोंडं उघडी, नावासकट.

टुरिस्ट व्हिसाचं थोडं खरं आहे, कबूल करतो. ब्रिटनमध्ये फिरायला गेलेल्याला तिथल्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते. पण न्यूझीलंड राहण्याजेवणाच्या बदल्यात केलेली सेवासुद्धा कामच धरतं, त्याला कामाची परवानगी लागते. देशागणिक नियम वेगळे. 'इमिग्रेशनला फिरायला आलो म्हणून सांगा' ही त्या मेसेजमधली ओळ म्हणजे पोरीला परक्या विमानतळावर खोटं बोलायला लावणं आहे.

छावे? दक्षिण आफ्रिकेत बाटलीनं दूध पाजून माणसाळवलेला छावा पुन्हा रानात सोडता येत नाही. मोठा झाला की त्यातल्या कितीकांना कुंपणातल्या शिकारीत पैसेवाल्यांच्या बंदुकीपुढं उभं करतात. पिंजऱ्यातली ही सिंहपैदास थांबवायची भूमिका तिथल्या सरकारनं २०२१ मध्ये जाहीर केली. असले छावे सांभाळण्याला निसर्ग संवर्धन म्हणतात होय? युरोपातल्या नोकरीबद्दल मी लिहीतच नाही, सर्टिफिकेटवर नोकरी इथं तरी कुणाला लागली?

प्रत्येक फी म्हणजे फसवणूक, असं मात्र नाही. कासवांचे किनारे राखणारे काही चांगले प्रकल्प स्वयंसेवकांकडून पैसे घेतात, त्यावरच त्यांची रात्रीची गस्त चालते. पण ते कामाचं ठिकाण सांगतात आणि हिशेब दाखवतात.

ताई म्हणाली, "दादा, पोरीला सेवाच करायचीय की, त्यात वाईट काय?" काही नाही. पण सेवा इथंही होते. २०१६ ला सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं पाणी अडवण्याच्या गावोगावच्या स्पर्धेत पहिला वॉटर कप जिंकला, तो श्रमदानाच्या जोरावर. पात्रतेची अट तिथंही नव्हती, टिकाव उचलता आला की झालं.

काल भाचीनंच त्या नंबरवर विचारलं, "मुलांना कुठल्या भाषेत शिकवायचं?"

उत्तर आलं, "मॅडम, दोनच सीट शिल्लक आहेत."