आढाव्यातली टक्केवारी उचलू नका, अटी उचला

आरोग्यशिक्षणाचा कुठलाही प्रस्ताव उघडा, पहिल्या दोन-तीन पानांत एक वाक्य हमखास सापडतं: "जनजागृतीमुळे अमुक टक्के फरक पडतो हे संशोधनाने सिद्ध झालं आहे." आकडा बहुतेक वेळा खरा असतो. कुठल्यातरी सिस्टिमॅटिक रिव्ह्यूच्या, म्हणजे एका विषयावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून घेतलेल्या आढाव्याच्या, सारांशातून तो घेतलेला असतो. पण ते लोक कोण होते, त्यांना नेमकं काय दिलं, किती दिलं आणि किती वर्षं दिलं, हे सगळं मागेच राहतं. आपल्या नाशिक जिल्ह्यात ही चूक फार महागात पडते. सातपूर-अंबडचा शिफ्टमधला कामगार, मालेगावचा यंत्रमागवाला, निफाड-दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार आणि सुरगाणा-पेठच्या पाड्यावरचं कुटुंब, सगळे एकाच जिल्ह्यात. आणि चौघांच्या हातात पत्रक मात्र एकच.

मिठाचंच घ्या. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा. अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या सोडियमपैकी सुमारे ७० टक्के पॅकबंद आणि हॉटेलच्या पदार्थांतून येतं, म्हणून तिथला सल्ला असतो की पाकिटावरचं लेबल वाचा. तोच सल्ला इथे मराठीत छापून वाटण्यात काही हशील नाही. आपल्याकडे बहुतेक मीठ घरच्याच पातेल्यात, कणकेत, ठेच्यात, लोणच्या-पापडात पडतं. इथे सांगायचं तर असं सांगावं: घरात चार मोठी माणसं असतील तर दिवसाचे २० ग्रॅम, म्हणजे एक किलोचा पुडा ५० दिवस पुरला पाहिजे. पुडा फोडला की त्यावर पेनाने तारीख टाकायची. महिन्यात संपला तर माणशी आठ ग्रॅमच्या वर गेलात, आणि त्यात बाहेरचं फरसाण धरलेलंच नाही. लोणचं घालायला किंवा भाजी धुवायला मीठ वापरलं असेल तर ते वेगळं मोजा. हे कुठल्याही बाईला दोन मिनिटांत पटतं, कारण पुडा तिच्याच डब्याशेजारी असतो.

मिठाच्या बाबतीत चीनमधला एक मोठा प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ६०० गावं, जवळपास २१ हजार माणसं, सगळी आधी पक्षाघात होऊन गेलेली किंवा साठीपुढची आणि रक्तदाब वाढलेली. निम्म्या गावांना साध्या मिठाऐवजी ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइडचं मिश्रण दिलं. पाच वर्षांच्या आसपास पाठपुरावा झाला आणि पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आलं. हा प्रयोग आपल्याला लागू होण्यासारखा आहे, कारण तिथल्या गावांतही मीठ घरच्या चुलीपाशीच पडतं. मात्र मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांना आणि शरीरात पोटॅशियम साठवणाऱ्या लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांना त्या प्रयोगात घेतलंच नव्हतं. म्हणजे "कमी सोडियमचं मीठ वापरा" असा सरसकट फ्लेक्स लावणं धोक्याचं आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. कुणाला वगळलं होतं, ही ओळ रिव्ह्यूत आणि मूळ प्रयोगात दोन्हीकडे शोधाच. ती सारांशात क्वचितच असते.

टक्केवारीबद्दलही थोडं. २०१५ मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने सांगितलं की रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. ही वाढ मूळ धोक्यावरची आहे. समजा एखाद्या समाजात शंभरातल्या पाच जणांना आयुष्यात हा आजार होतो, तर पाचाचे सहाच्या जवळ जातात. जिथे शंभरात एकालाच होतो, तिथे एकाचे एक पूर्णांक दोन दशांशही होत नाहीत. टक्के तेच, पण तालुक्याच्या नियोजनात त्यांचं वजन वेगळं. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचा भार मोठा आहे आणि त्यामागे तंबाखू, गुटखा, मिश्री आहे. परदेशी रिव्ह्यू बहुतांश सिगारेटवर बेतलेले. त्यातली प्रश्नावली जशीच्या तशी आणून गावात "धूम्रपान करता का?" विचारलं की मिश्री लावणारी बाई सरळ "नाही" म्हणते, आणि तिचं नाव यादीत येतच नाही.

नुसत्या माहितीने काय होतं याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण हात धुण्याचं आहे. असे आढावे काढणाऱ्या कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या रिव्ह्यूनुसार गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हात धुण्याचा प्रचार केला की जुलाब साधारण २८ टक्क्यांनी कमी होतात. पण खाली जाऊन वाचलं की दिसतं, शिक्षणासोबत साबणही फुकट दिला तिथे परिणाम मोठा, आणि नुसतं सांगितलं तिथे बराच कमी. द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्यांना "संपूर्ण संरक्षक किट घाला" सांगण्याचंही हेच होतं. उकाड्यात ते किट तासभरही अंगावर राहत नाही. मोठा धोका बाटलीतलं घट्ट औषध मोजून पाण्यात कालवताना असतो. तेवढ्या वेळापुरते नायट्राइलचे हातमोजे घाला हे सांगणं आणि ते हातमोजे हातात देणं, हे होण्यासारखं आहे. कापडी मोजे नकोत, ते औषध शोषून कातडीला धरून ठेवतात.

आता ज्या रिव्ह्यूवर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे तो. २०१३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात महिला गटांच्या सात प्रयोगांचा एकत्र अभ्यास आला. बांगलादेश, भारत, मलावी आणि नेपाळ. गावातल्या बायका दर महिन्याला बसतात, बाळंतपणातल्या आणि तान्ह्या बाळाच्या अडचणी स्वतः मांडतात, त्यातल्या महत्त्वाच्या निवडतात, उपाय ठरवतात, करून पाहतात, मग काय झालं ते तपासतात. व्याख्यान नाही. सातही प्रयोग मिळून नवजात मृत्यू २३ टक्क्यांनी कमी. प्रस्तावात उचलला जातो तो हा २३.

पण रिव्ह्यूतला फॉरेस्ट प्लॉट, म्हणजे सगळ्या प्रयोगांचे निकाल एकाखाली एक मांडणारा आलेख, नीट पाहा. तळाची हिऱ्याच्या आकाराची खूण म्हणजे सरासरी, वरची प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एक प्रयोग. इथे रेघा एकमेकींपासून लांब पडल्या आहेत. विषमता मोजणारा आय-स्क्वेअर ६५ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे प्रयोगांच्या निकालांमधला बराचसा फरक निव्वळ योगायोगाचा नाही. असं दिसलं की सरासरी बाजूला ठेवायची आणि फरक कशाने पडला ते शोधायचं. संशोधकांनी ते शोधलं: ज्या चार प्रयोगांत किमान ३० टक्के गरोदर बायका गटात आल्या, तिथे नवजात मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी झाले. बांगलादेशच्या पहिल्या प्रयोगात १४१४ लोकसंख्येमागे एक गट होता, आणि परिणाम दिसला नाही. झारखंड-ओडिशात एकजुट संस्थेने ४६८ लोकसंख्येमागे एक गट चालवला. नवजात मृत्यू तीन वर्षांत ३२ टक्क्यांनी घटले, आणि शेवटच्या दोन वर्षांपुरतं पाहिलं तर ४५ टक्क्यांनी. पुढे बांगलादेशातच ३०९ लोकांमागे एक गट केल्यावर परिणाम आला. पद्धत तीच होती, मात्रा बदलली. आणि पहिल्या वर्षात फार काही हाती लागत नाही, म्हणून एका वर्षाच्या निधीवर हे काम करून "फायदा नाही" असा शेरा मारणं हा त्या बायकांवर अन्याय आहे.

म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाच्या कॉलेजांतून शोधनिबंधासाठी रिव्ह्यू करणाऱ्या मुलामुलींना म्हणूनच कळकळीने सांगावंसं वाटतं. रिव्ह्यू कसा लिहावा याच्या प्रिझ्मा २०२० या यादीचे २७ मुद्दे भरा, रिव्ह्यूंच्या प्रोस्पेरो या नोंदवहीत आधी नोंदणी करा, अभ्यासांची निवड दोघांनी स्वतंत्रपणे करा, हे आहेच. पण माहिती काढायच्या तक्त्यात चार रकाने वाढवा: किती लोकांमागे एक कार्यकर्ती, किती बैठका, लक्ष्यगटातल्या किती टक्के लोक खरोखर आले, आणि सोबत कोणती वस्तू दिली. मूळ लेखात ते नसेल तर लेखकांना मेल करा, आणि तरी मिळालं नाही तर "नोंद नाही" असं स्पष्ट लिहा. तेवढ्याने तुमचा निबंध तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या उपयोगाचा होईल.

सुरगाण्यात हे महिला गट आणायचे तर आणखी दोन गोष्टी बदलाव्या लागतील. झारखंडमधल्या त्या प्रयोगाच्या काळात बहुतेक बाळंतपणं घरी होत होती, आणि फायद्याचा मोठा वाटा स्वच्छ हात, नवं ब्लेड, उकळलेला दोरा यांतून आला असावा. आज आपल्याकडे दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बायका खूप वाढल्या आहेत, त्यामुळे गटातली चर्चा घरी परतल्यानंतरच्या दिवसांवर हवी: कमी वजनाचं बाळ छातीशी धरून उबेत ठेवणं, दूध ओढेनासं झालं की लगेच निघणं, पावसाळ्यात पाड्यावरून गाडीपर्यंत कसं पोचायचं ते आधी ठरवणं. दुसरं म्हणजे स्थलांतर. छाटणीपासून पुढे कित्येक कुटुंबं निफाड-दिंडोरीच्या बागांवर मजुरीला जातात. वर्षभराच्या बैठकांचं वेळापत्रक पाड्यावर बसून ठरवलं की निम्म्या बैठकांना गरोदर बाई गावातच नसते. त्या महिन्यांची बैठक बागेवरच्या झोपड्यांपाशी, संध्याकाळी, मजुरी आटोपल्यावर घ्यावी लागेल, आणि बागायतदाराशी आधीच बोलून ठेवावं लागेल.

हिशेब अवघड नाही. आदिवासी भागातलं प्राथमिक आरोग्य केंद्र २० हजार लोकसंख्येला असतं. ४६८ ला एक या हिशेबाने ४३ गट लागतात, १४१४ ला एक धरले तर १४. निधी १४ गटांचाच असेल तर ते सगळ्या केंद्रावर पातळ पसरू नका. तीन हजार वस्तीची दोन उपकेंद्रं निवडा, तिथे १३ गट बसतात. एकजुटच्या प्रयोगात एक कार्यकर्ती महिन्याला साधारण तेवढ्याच बैठका घेत होती. तेव्हा तिथलीच, तिथली बोली बोलणारी एक बाई पूर्ण पगारावर घ्या, तीन वर्षांसाठी घ्या, आणि उरलेल्या केंद्राचा प्रस्ताव पुढच्या वर्षी त्या १३ गटांच्या नोंदींसह पाठवा.