नोटीस कोर्टाची नाही म्हणून फेकू नका

परवा मावसभाऊ चेन्नईहून आलेलं पाकीट घेऊन घरी आला. टेम्पोच्या कर्जाचे हप्ते थकलेत, हे त्यालाही मान्य आहे. पण लवाद, म्हणजे कोर्टाबाहेर वादाचा निवाडा देणारा माणूस, नेमला फायनान्स कंपनीनेच, नोटीस इंग्रजीत आणि सुनावणी चेन्नईत. हा राहतो नाशिकला! कर्जाच्या करारात बारीक अक्षरांत हे सगळं छापलेलं होतं आणि खाली त्याची सही.

लवादावर माझा राग नाही. माझ्या वर्कशॉपमधल्या टाक्या गळतात म्हणून एका गिऱ्हाइकाने पैसे अडवले, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून एका निवृत्त इंजिनीअरना लवाद नेमलं. ते स्वतः शेडमध्ये आले. जोडाला बाहेरून चुना फासला, आतून रॉकेल लावलं. दोन ठिकाणी डाग उमटला, म्हणजे रॉकेल झिरपत होतं. वाद तिथेच निम्मा मिटला! सात महिन्यांत निवाडा झाला. मला काही रक्कम सोडावी लागली, त्यांची फीही दोघांच्या खिशातून गेली, पण निवाडा पटला. माल समजणारा माणूस समोर होता आणि तो आम्ही दोघांनी निवडला होता.

भावाच्या बाबतीत नेमकं हेच नाही. निकालात ज्याचा स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्येच सांगितलंय. वाद सुरू झाल्यावर तुम्ही स्वतः लेखी मान्यता दिलीत तरच अशी नेमणूक चालते. तरीही नोटिसा येतच असतात, कारण माणसं हरकत घेत नाहीत. "कोर्टाची नाही ना? मग जाऊ दे," म्हणून पाकीट कपाटावर टाकतात. मग एकतर्फी निवाडा होतो. त्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच ताकद असते आणि वसुलीची दरखास्त थेट आपल्या गावच्या कोर्टात लागते.

निवाडा रद्द करून घ्यायला हातात मिळाल्यापासून तीन महिने. सबळ कारण असेल तर कोर्ट आणखी ३० दिवस देतं, त्यापुढे एकही नाही. आणि तिथेही पुरावा नव्याने तपासत नाहीत. अपिलाची आशा धरून बसणारे इथेच फसतात.

काल वकिलांकडून लवादाच्या नेमणुकीला लेखी हरकत तयार करून घेतली आणि स्पीड पोस्टाने पाठवली. थकलेले हप्ते भाऊ भरणारच आहे, फक्त हिशोब त्रयस्थ माणसासमोर व्हावा एवढंच त्याचं म्हणणं. तुमच्याही घरात गाडीचं कर्ज असेल, तर आज करार काढा आणि लवादाचं कलम शोधा.