समाजशास्त्राचं पुस्तक पुरत नाही
‘सीयूईटीच्या मानवशास्त्राला एनसीईआरटीचं समाजशास्त्र वाचलं की झालं’ हे लेखातलं वाक्य वाचून राहवलं नाही. (सीयूईटी म्हणजे विद्यापीठांतल्या पदवी प्रवेशाची सामायिक परीक्षा.) कुळ, गोत्र, विवाह एवढंच असतं तर ठीक होतं हो! पण या पेपरात मानवाची उत्क्रांती येते, अश्मयुगीन हत्यारं येतात. तिथे ते पुस्तक काय कामाचं?

माझी भाची दगडी हत्यारांतल्या गाभा आणि छिलका यांत सारखी गोंधळायची. शेवटी अंगणात दगडावर दगड आपटून दाखवला. उडाली ती कपची म्हणजे छिलका, हातात उरला तो गाभा. कपचीच्या आतल्या बाजूला, घाव बसला तिथे, हलकासा फुगवटाही बोटाला लागला. मग नेवाशाच्या प्रवराकाठची अश्मयुगीन हत्यारं वेगळी पाठ करावी लागली नाहीत.

वाचायला इग्नू या मुक्त विद्यापीठाचं पदवीचं साहित्य त्यांच्या ई-ज्ञानकोश संकेतस्थळावर फुकट आहे, इंग्रजी जरा जड. पेपर मराठीतूनही देता येतो. ६० मिनिटांत ५० प्रश्न, बरोबरला ५ गुण, चुकीला १ वजा, तेव्हा ठोकताळे बेतानेच.

आणि विषय निवडण्याआधी विद्यापीठाची अट बघा. दिल्ली विद्यापीठात हा विषय विज्ञान शाखेत आहे, बीएस्सीला!