रडणाऱ्या लेकराला ओढून घेऊ नका!

लेकरू रडत असताना त्याला आईच्या कडेवरून ओढून घेण्यात कसला आलाय लाड? लई दिवस गप्प बसले, आता बोलणारच.

माझा लेक नऊ महिन्यांचा आहे. आत्ताआत्तापर्यंत कुणाकडंही हसत जायचा. आता अनोळखी चेहरा दिसला की आधी खालचा ओठ बाहेर येतो, मग माझ्या ड्रेसचा गळा मुठीत आवळतो आणि खांद्यात तोंड खुपसतो. 'नको' म्हणून आणखी कसं सांगायचं त्यानं? तरी रंकाळ्यावर फिरायला न्यावं तर कुणीही येणार, 'ये की रं, खातोय व्हय तुला' म्हणत काखेत हात घालून उचलणार. तो किंचाळला की वर मलाच ऐकवणार, 'लई भित्रं केलंयसा पोराला. पैलवानांच्या गावातलं पोर असं रडतंय व्हय?'

अहो, या वयात ही भीती येतेच! सहा-आठ महिन्यांपासून बाळाला आपलं कोण, परकं कोण हे उमगायला लागतं, म्हणून ते बिचकतं. आई नजरेआड झाली तरी ती कुठंतरी आहे हे कळतं, पण परत कधी येणार ते कळत नाही. मी बाथरूममध्ये गेले की दारावर थापा मारत बसतो तो त्यामुळंच. बुद्धी वाढतीय त्याची, आणि तुम्ही त्याला भित्रा म्हणताय.

घरातली तऱ्हा वेगळीच. घास घेतला नाही की 'बागुलबुवा आला', झोपला नाही की 'पोलीस नेतील'. बाहेर निघाले की मला म्हणायचं, त्याचं लक्ष नाही तोवर सटक. अशी चोरून गेले की परत आल्यावर दिवसभर मला सोडत नाही. म्हणून मी टाटा करून, सांगूनच जाते. रडतो, पण आजीच्या मांडीवर शांत होतो.

मिक्सरचं तर डोक्यातनं जातच नाही. चटणीचं खोबरं वाटताना तो दचकतो म्हणून, 'सवय होऊदे' म्हणत एकानं त्याला ओट्यापाशी धरलं आणि बटण फिरवलं. पोर थरथरत होतं हो! ही कसली सवय? मी पिन काढून बंद मिक्सरला त्याला हात लावू दिला, झाकण खेळायला दिलं. मग त्याला आतल्या खोलीत बसवून, 'आता घुर्र होणार' असं सांगून थोडा थोडा फिरवला. आता तो दचकतो, माझ्याकडं बघतो आणि खेळायला लागतो.

डॉल्बीला कुठलं झाकण काढू? 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमात राहत्या वस्तीत रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीत आमच्या खिडकीच्या काचा थडथडतात आणि पोर झोपेतनं किंचाळत उठतं.

तर हात आवरा. लांब बसा, माझ्याशी बोला, त्याला तुम्हाला निरखूदे. त्यानं स्वतःहून हात पुढं केले तर खुशाल घ्या. नाहीतर यापुढं माझ्या कडेवरून कुणी त्याला ओढलं, तर नातं-वय न बघता चारचौघांत हात झटकणार आहे मी.