काढा डॉक्टरांपासून लपवावा का लागतो?

नोव्हेंबर 2024 मध्ये नवज्योतसिंग सिद्धूंनी पत्नीचा कर्करोग बरा होण्याचं श्रेय हळद, कडुनिंब, लिंबूपाणी आणि पथ्याला दिलं. टाटा मेमोरियलच्या आजी-माजी 262 कर्करोगतज्ज्ञांनी पत्रक काढून लोकांना सावध केलं, आणि आमच्या पुण्याच्या नातेवाइकांत दोन तट पडले. एक म्हणे आयुर्वेदाची बदनामी, दुसरा म्हणे निव्वळ भोंदूगिरी. कोथरूडला माझी मावशी तेव्हा केमो घेत होती आणि गुळवेलीचा काढाही. डॉक्टरांना पत्ता नव्हता. "ओरडतील गं," एवढंच तिचं म्हणणं.

मला भीती वाटते ती या लपवण्याची. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. तो वाद चालू राहू दे. पण केमोच्या बऱ्याच औषधांचा भार यकृतावरच येतो, आणि रिपोर्टमध्ये यकृताचे आकडे चढले की पुढचा डोस लांबू शकतो. काढा ठाऊकच नसेल तर डॉक्टर कारण शोधणार कुठे?

इथे मँचेस्टरला शेजारणीबरोबर केमोआधीच्या भेटीला गेले होते. नर्सने गोळ्या लिहून घेतल्या आणि त्याच सुरात विचारलं, याशिवाय घरचं काही घेता का? हळदीच्या कॅप्सूल निघाल्या. कपाळाला आठी नाही, उपदेश नाही. फार्मासिस्टला विचारून उपचार संपेपर्यंत बंद केल्या, बस्स. याच शहरात 'क्रिस्टी' या कर्करोग रुग्णालयात मसाज, अ‍ॅक्युपंक्चर मिळतं. शेजारच्या मॅगीज या कर्करोगग्रस्तांच्या आधार केंद्रात 2016 पासून कुणीही वेळ न ठरवता, मोफत, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मन मोकळं करू शकतं. इथलं सगळंच चांगलं नाही. तातडीच्या रेफरलपासून 62 दिवसांत उपचार सुरू करण्याचं उद्दिष्ट इंग्लंडला कित्येक वर्षं गाठता आलेलं नाही. मावशीची बायॉप्सी पुण्यात आठवड्याच्या आत झाली.

पुण्यात योग शिकवणारे तर गल्लोगल्ली आहेत. वारज्याचं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास हलका करणारं, केंद्र 1997 पासून विनामूल्य चालतं, पण तिथे सगळं संपल्यावरच जायचं असं लोक धरून चालतात. वेदना आणि मळमळ काय शेवटीच असते?

श्वसन, हलकी आसनं, चालणं, समुपदेशन यांना केमो वॉर्डाशेजारीच जागा हवी. पोटात जाणारं मात्र वैद्यांचं असो की आजीचं, ऑन्कोलॉजिस्टला, म्हणजे कर्करोगतज्ज्ञाला, विचारल्याशिवाय नको. आणि उपचार सोडून नुसता पर्याय धरणं तर नकोच नको: येलच्या संशोधकांच्या 2018 च्या अभ्यासात, रोग शरीरभर पसरलेला नसतानाही तसं करणाऱ्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट निघाला.

पुण्यातल्या ऑन्कोलॉजिस्टांनी केस पेपर लिहितानाच घरच्या औषधांबद्दल न रागावता विचारावं. आणि वैद्यांनी पुडी बांधण्याआधी कुठली केमो चालू आहे ते विचारून त्या डॉक्टरांना एक फोन करावा.